रुपचंदभाऊंचा श्वास आणि मी

मित्रांनो, वरातीत नवरदेवाच्या पुढे बँड चालतो, त्यात सगळ्यात उंच सूर ज्याचा असतो तो ट्रंपेट म्हणजे मी. आता बराच म्हातारा झालो आहे. अंगावर दोन-तीन ठिकाणी डाग दिलेले आहेत आणि एका कडेला पोचा आहे. आमच्या गावात मला कोणी ट्रंपेट म्हणत नाही, नुसतं 'बाजा' म्हणतात. गाव एरंडोलपासून जवळच आहे. चहूकडे कापसाची शेतं, मध्येच कुठे केळी.

माझा जन्म मात्र इथला नाही. दूर उत्तरेत, मेरठ शहरातल्या एका गल्लीत मला घडवलं. पितळेचा पत्रा लोखंडी साच्यावर ठोकून माझा कर्णा झाला. नळी वाकवताना चेपू नये म्हणून आत राळ ओतली, मग ती तापवून काढून टाकली. तीन बटणं बसवली, घासून सोन्यासारखं चमकवलं आणि पेटीत घालून रेल्वेने जळगावला पाठवलं. तोपर्यंत माझी अशी समजूत होती, की आपण चमकतो म्हणजे आपण पूर्ण झालो.

जळगावच्या दुकानातून मला चुडामणआबांनी आणलं. आबा आमच्या बँडचे मास्तर. त्यांनी मला रुपचंदभाऊंच्या हातात दिलं. भाऊ तेव्हा तरुण होते. घरची शेती करायचे आणि लग्नसराईत बँडमध्ये वाजवायचे.

"ले रुपचंद, फुक," आबा म्हणाले. "जोर लावू नको, जीव लाव."

भाऊंनी मला ओठांना लावलं आणि श्वास सोडला. मित्रांनो, तो क्षण मी काय सांगू! शेतात राबणाऱ्या माणसाचा साधा, गरम श्वास माझ्या थंड नळीतून धावत गेला आणि कर्ण्यातून बाहेर पडताना त्याचा सूर झाला. गोठ्यातल्या बैलांनी माना वळवल्या. मी थक्क झालो. इतके दिवस माझ्यात काहीच नव्हतं, हे मला तेव्हा कळलं. जे होतं ते सगळं या माणसाच्या छातीत होतं.

त्यानंतरची वर्षं आनंदाची होती. आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या सुमाराला तर आम्हाला उसंत नसायची. आज भडगावला गिरणेकाठी, उद्या शिरपूरकडे सातपुड्याच्या पायथ्याला. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून आम्ही जायचो. भाऊ वाजवायला लागले की हळद लागलेल्या नवरीची आजीसुद्धा टाळ्या वाजवायची. वाजवून झालं की भाऊ माझ्यात साचलेलं श्वासाचं पाणी काढत, मला मऊ फडक्याने पुसत आणि पेटीत निजवत. घरी त्यांची बायको रत्नाबाई आणि मुलगी दीपमाला. दीपमाला लहान असताना माझ्या कर्ण्यात डोकावून स्वतःचं वाकडं-तिकडं तोंड बघायची आणि खदखदून हसायची.

मग आमच्यात आणखी एक पाहुणी आली. ती कधी आली, ते मला नेमकं सांगता येणार नाही. कारण ती हळूच आली.

लग्नघरची मंडळी बँडवाल्यांना खुशीने दारूची बाटली द्यायची. दिवसभर उन्हात वाजवून सगळे थकलेले असायचे. "थकवा जातो," म्हणत भाऊ वाजवणं संपल्यावर थोडी घ्यायचे. पुढे वाजवायच्या आधी थोडी घेऊ लागले. मग लग्न नसलेल्या दिवशीही. पूर्वी जेवढीने डोळे जड व्हायचे, तेवढीने आता काहीच होईना, म्हणून प्रमाण वाढलं. हे बँडमधल्या कोणाच्याही आधी मला कळलं, कारण भाऊंचा श्वास सगळ्यात जवळून मीच घेत होतो. त्या श्वासाला कडू, आंबट वास येऊ लागला होता. तो मध्येच तुटायचा. ओठ माझ्यावर नीट टेकत नसत. मला पुसणं राहून जाऊ लागलं. माझी बटणं चिकट झाली आणि नळीत हिरवट थर जमला.

एके दिवशी भाऊंनी मला पेटीतून काढून जुन्या धोतरात गुंडाळलं, माळ्यावर टाकलं आणि माझ्या जागी बाटली ठेवली. बाज्याची पेटी घरात कोणी उघडत नसे ना! लग्न असलं की तेवढं मला खाली काढायचे. एरवी मी माळ्यावरून, धोतराच्या फटीतून, सगळं पाहत होतो. सकाळी उठल्यावर भाऊंचे हात थरथरायचे. चहाची बशी वाजायची. मग ते पेटीकडे जायचे आणि थोड्या वेळाने हात शांत व्हायचे. रत्नाबाईंनी विचारलं की ते चिडायचे. शेतावर जातो सांगून दुसरीकडेच जायचे. दीपमालाने मैत्रिणींना घरी बोलावणं बंद केलं. एकदा तिला ती बाटली सापडली. तिने ती मोरीत ओतली आणि त्या दिवशी घरात फार मोठं भांडण झालं. दुसऱ्या दिवशी पेटीत नवी बाटली होती.

मित्रांनो, भाऊ वाईट माणूस नव्हते. हे मला ठाऊक होतं, म्हणूनच मला जास्त आश्चर्य वाटायचं. ज्या माणसाच्या एका फुंकरीवर सगळी वरात नाचायची, तो माणूस त्या एवढ्याशा बाटलीपुढे पाण्यासारखा कसा होतो?

भडगावच्या एका लग्नात व्हायचं ते झालं. नवरी मांडवात येत होती. आबांनी हाताने खूण केली. भाऊंनी मला ओठांना लावलं आणि माझ्यातून बेडकासारखा आवाज निघाला. त्यांनी पुन्हा फुंकलं. पुन्हा तेच. मांडवात हशा पिकला. भाऊंचा चेहरा लाल झाला. त्यांनी मला दाणकन जमिनीवर आपटलं. तोच हा माझ्या कडेचा पोचा.

"बाजा खराब व्हई गया, आबा!" ते ओरडले.

 आबांनी वाकून मला उचललं, उपरण्याने माती पुसली. आबांचे पुढचे दात पडले होते आणि वाजवणं सोडून त्यांना बरीच वर्षं झाली होती. तरी त्यांनी मला ओठांना लावलं आणि नवरीच्या येण्याची ती चाल हळूहळू, अडखळत, पण पूर्ण वाजवली. सूर बारीक होता, पण स्वच्छ होता. हसणारे ऐकू लागले. मग आबांनी मला भाऊंच्या हातात दिलं.

"बाजा बरा शे, रुपचंद," ते एवढंच म्हणाले.

घरी आल्यावर भाऊंनी मला भिंतीशी ठेवलं आणि खाली मान घालून बसले. रत्नाबाईंना सगळं कळलं होतं. त्या रडल्या नाहीत, भांडल्या नाहीत. त्यांनी समोर बसून विचारलं, "तुम्ही म्हनतस ना, मी कधी बी सोडी सकस? मंग आते तर लगनं संपनात. तुळशीना लगीनपर्यंत सोडी दखाडा."

"त्यामां काय शे?" भाऊ म्हणाले. "आजपाइन बंद."

ते उठले, पेटीतली बाटली मोरीत रिकामी केली, आणि इतक्या महिन्यांनी मला पुसून माझ्या जागी ठेवलं. मला फार बरं वाटलं. वाटलं, संपलं सगळं. पण मी पितळ, मला माणसाच्या शरीरातलं काय कळणार!

दुसऱ्या दिवशी भाऊंना दरदरून घाम सुटला. हात असे थरथरू लागले की भाकरीचा तुकडा तोंडापर्यंत जाईना. अन्न पोटात टिकेना. त्यांना भिंतीवर मुंग्या दिसू लागल्या. आम्हाला कोणाला त्या दिसत नव्हत्या. तरीही ते दात आवळून म्हणत होते, "मी सोडी दिसू. सांगनं ना, सोडी दिसू." पुढच्या दिवशी दुपारी ते अंगणात उभे होते आणि एकदम कोसळले. सगळं अंग ताठ झालं, झटके येऊ लागले. रत्नाबाईंची किंकाळी ऐकून शेजारच्या बेबाबाई धावत आल्या. बेबाबाई गावातल्या आशाताई, म्हणजे आरोग्याचं काम बघणाऱ्या कार्यकर्त्या. त्यांनी भाऊंना कुशीवर वळवलं, तोंडात काही घालू दिलं नाही आणि सरळ अँब्युलन्सला फोन लावला.

"दारू अचानक थांबवली का?" त्यांनी विचारलं. रत्नाबाईंनी मान डोलावली. "अहो, रोज पिणाऱ्याने अशी घरच्या घरी एकदम थांबवायची नसते. जिवावर बेततं. दवाखान्यात नेऊन थांबवायची असते."

घाईत रत्नाबाईंना हाताशी माझीच पेटी दिसली. त्यांनी मला न काढताच माझ्यावर टॉवेल आणि दोन कपडे कोंबले. अशा रीतीने मीही जळगावच्या दवाखान्यात गेलो आणि भाऊंच्या खाटेखाली उघड्या पेटीत राहिलो.

तिथे जे पाहिलं, ते मी कधी विसरणार नाही. भाऊंना सलाईन लावलं, औषधं दिली. हळूहळू ते थरथरणं ओसरू लागलं. उकळत्या भांड्याखालचा जाळ कमी करावा, तसं ते शरीर निवत गेलं. मला एका कारागिराने हातोडीने ठोकून आकार दिला होता. इथे कोणी ठोकत नव्हतं. तरी एक मोडलेला माणूस आतून पुन्हा जुळत होता, आणि मी खाली निजून ते ऐकत होतो. त्याचा श्वास लांब होत होता, मित्रांनो! मी तो ओळखतो.

भाऊ उठून बसू लागले, तेव्हा डॉक्टरीणबाई स्टूल ओढून त्यांच्याजवळ बसल्या. त्यांनी दरडावलं नाही. साधं विचारलं, "सकाळी उठल्यावर आधी ती लागायची का?"

"हो."

"पूर्वीपेक्षा जास्त लागायला लागली होती?"

"हो."

"लपवून ठेवायचात?"

भाऊ खाटेखालच्या पेटीकडे बघून म्हणाले, "हो."

"तिच्यामुळे कामाचं, घरच्यांचं नुकसान झालं, तरी थांबली नाही?"

 भाऊंच्या डोळ्यांतून पाणी आलं. "ताई, मी सगळासले सांगू, कधी बी सोडी सकस. माले सोडता येत नही. बाजा खराब नव्हता. मीच आजारी शे."

"आजारी आहात," बाई म्हणाल्या. "आणि आजाराला उपचार असतो. दारू थांबवून पाहिलीत म्हणून तर तो दिसला. थांबवलीच नसती, तर तुम्ही अजून 'कधीही सोडीन' म्हणत बसला असता."

कोपऱ्यात दीपमाला उभी होती. ती आता बारावीत होती. ती पुढे आली आणि हळू आवाजात म्हणाली, "डॉक्टर, मी बाटली ओतून दिली, भांडले, म्हणून तर बाबांचं जास्त झालं नाही ना?"

बाईंनी तिला जवळ घेतलं. "नाही गं बाळा. तुझ्यामुळे त्यांनी पिणं सुरू केलं नाही, आणि ते थांबवणंही तुझं काम नव्हतं. तू कोणाला तरी सांगायला हवं होतंस, एवढंच. मुलांनी हे ओझं एकट्याने उचलायचं नसतं."

दीपमाला रडली. इतके महिने मी माळ्यावरून पाहिलं होतं, ती रडत नव्हती. त्या दिवशी ती रडली आणि मग बाबांच्या पायाशी बसून तिने डबा खाल्ला.

तुम्हाला वाटेल, की पुढे सगळं सरळ झालं. नाही झालं. भाऊ घरी आले, गोळ्या घेऊ लागले, जळगावला बैठकीला जाऊ लागले. त्या बैठकीत दारू सोडणारी माणसं गोल बसतात आणि आपापलं खरं सांगतात. पण पोळ्याला एका नातेवाइकाकडे गेले आणि तिथे त्यांनी घेतली. मला वाटलं, आता पुन्हा माळा. दुसऱ्या दिवशी सकाळी रत्नाबाई चूल पेटवत होत्या. भाऊ स्वतःच त्यांच्यापुढे जाऊन उभे राहिले. "काल मी लिधी," म्हणाले. "आज जळगावले जास. ताईले सांगस." आणि पहिल्या बसने गेले.

मित्रांनो, मी कितीतरी लग्नांत घोडे नाचताना पाहिले, आतषबाजी पाहिली, शेकडो लोकांच्या तोंडून वाहवा ऐकली. पण चुलीपुढे उभं राहून खरं बोललेल्या त्या माणसाएवढं मोठं मला काही वाटलं नाही. कोणी पकडलं नव्हतं. कोणी विचारलंही नव्हतं.

त्यानंतर भाऊंनी मला हातात घेतलं. चिंचेच्या पाण्याने घासलं, बटणं सोडवून धुतली. कापसाच्या शेतात, बांधावर बसून त्यांनी फुंकलं. नुसती हवा आली. त्यांचे ओठ सवय विसरले होते. त्यांनी पुन्हा फुंकलं. किती वेळा, ते मी मोजलं नाही. एके दिवशी एक सूर आला, कोवळा, कापरा. कापूस वेचणाऱ्या बायका उभ्या राहिल्या. "रुपचंदभाऊ वाजाडी राह्यना!" त्यातली एक म्हणाली. भाऊ हसले. त्या श्वासात आता औषधाचा आणि चहाचा वास होता. तो वास मला अत्तरासारखा वाटला.

तुळशीचं लग्न झालं आणि सराई उघडली. आबांनी मांडवाच्या मालकांना आधीच सांगून ठेवलं, "आमना पोऱ्यासले चहा द्या, ताक द्या. बाटली नको." काही जण हसले. आमचा ढोलवाला वना तर पहिल्याच लग्नात खिशातून बाटली काढून भाऊंपुढे नाचवू लागला.

"एक घोटमां काय व्हस रे?"

"तुले काही व्हत नही व्हई, वना," भाऊ शांतपणे म्हणाले. "मना एक घोट कधी एक ऱ्हातच नही. हाई माले आते समजनं." आणि ते उठून आबांशेजारी जाऊन बसले. त्यांचा हात माझ्याभोवती घट्ट आवळला होता. हे त्यांना सोपं जात नव्हतं, ते फक्त मला कळलं. त्या दिवशी आम्ही वाजवलं. फार छान नाही, पण शेवटपर्यंत वाजवलं.

असे दिवस जात राहिले. आखाजी जवळ आली. शिरपूरकडच्या एका मोठ्या लग्नाला आम्हाला बोलावणं होतं. भाऊ पुन्हा सगळ्यात पुढे वाजवणार होते. सकाळी ट्रॉली निघायची होती. भाऊ नवा शर्ट घालून मला पुसत ओट्यावर बसले होते, तेवढ्यात वना आला. ढोल घेऊन आला नव्हता. तो ओट्याच्या पायरीवर बसला आणि त्याने दोन्ही हात पुढे केले. ते थरथरत होते.

"सकायले मना हात असा कापतस, भाऊ," तो म्हणाला. "सोडी दखी, पन जमनं नही. तू कोणता दवाखानामां गयथा?"

भाऊंनी त्याच्या हातांकडे पाहिलं. ते हात त्यांना चांगले ओळखीचे होते. ते हसले नाहीत. "मी सांगनं व्हतं ना तुले," असंही म्हणाले नाहीत.

"चाल," ते म्हणाले.

"आते? आज तं लगीन शे ना!"

"लगीन आबा सांभाळतीन. तुना हात आज तू स्वतः पुढे करनास. उद्या करशी का, तुले बी माहीत नही."

आणि मित्रांनो, भाऊंनी मला पेटीत ठेवून झाकण लावलं. वर्षभर ज्या दिवसाची मी वाट पाहिली, त्या दिवशी मला वाजवायचं सोडून ते वनाच्या खांद्यावर हात टाकून जळगावच्या बसकडे निघून गेले. मी दिवसभर पेटीत मुका पडून होतो. माझ्या साऱ्या आयुष्यात इतका अभिमान मला कधी वाटला नव्हता. श्वासाचा सूर करणं मला येतं. पण तोच श्वास दुसऱ्या माणसासाठी कसा खर्च करावा, ते मी त्या दिवशी पाहिलं.

माझी तुम्हाला एकच विनंती आहे. तुमच्या घरी, शेजारी कोणाचे हात सकाळी थरथरत असतील, कोणी काही लपवत असेल, 'कधीही सोडीन' म्हणूनही सोडता येत नसेल, तर त्याला हसू नका आणि ते एकट्याने मनात ठेवू नका. ज्यांच्यावर तुमचा विश्वास आहे, अशा मोठ्या माणसाला सांगा. शिक्षकांना, आशाताईंना, डॉक्टरांना सांगा. रोज पिणाऱ्याला घरात कोंडून त्याची दारू एकदम बंद करू नका, त्याला दवाखान्यात न्या. आणि तो पुन्हा घसरला तरी दार लावून घेऊ नका. माणसाची छाती ही माझ्यापेक्षा फार मोठ्या कारागिराने घडवली आहे. तिच्यात किती वेळा नवा सूर फुटू शकतो, ते मला अजूनही ठाऊक नाही.